रिकामी न द्यायची वाटी

माझ्या हृदयाची लय बिघडल्याचं मला आधी बेलाच्या पानानं सांगितलं, डॉक्टरांनी नंतर.

आमचं घर लिंगायतांचं. सकाळी आंघोळ झाली की गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, वर बेलाचं पान वाहायचं आणि त्याच्याकडे एकटक बघत बसायचं. माझी बायको ही पूजा जीव लावून करायची. मी मात्र आयुष्यभर घड्याळाकडे बघत उरकली. ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो, पहिलाच तास माझा असायचा. ‘देवाला किती वेळ ताटकळत ठेवायचं, त्यालाही कामं असतील,’ असं मी म्हणायचो. ती डोळे न उघडता म्हणायची, “अहो, निदान पान तरी सरळ ठेवा.”

ती गेली तेव्हा रीतीप्रमाणे तिचं लिंग तिच्याच तळहातावर ठेवून तिला मातीत दिलं. घरी आल्यावर पूजेला मी एकटा उरलो. घाई करायला काही कारण नव्हतं. निवृत्त माणूस, मुलगी लग्न होऊन कॅनडात, आणि घरात फ्रीजखेरीज कुणी आवाज करणारं नाही. मग मी पानाकडे खरंच बघत बसायला लागलो. भक्ती वगैरे काही नाही, उठून तरी कुठे जायचं होतं?

असं रोज बघताना लक्षात आलं की पान स्थिर नसतं. हात कितीही घट्ट धरला तरी नाडीच्या ठोक्यासरशी पानाचं टोक जरासं उचलतं, पडतं. सारख्या अंतरानं. मला ते आवडायला लागलं. घरात काहीतरी हलतंय, आणि तेही नियमानं, एवढंही तेव्हा पुरे वाटायचं. एका सकाळी मात्र पान भलतंच करायला लागलं. दोनदा भरभर उचललं, मग थांबलं, पुन्हा थरथरलं. मी हात बदलून पाहिला, श्वास रोखून पाहिला. मग डबी बंद केली आणि रिक्षा करून दवाखान्यात गेलो.

डॉक्टर तरुण आहेत, माझ्या मुलीच्या वयाचे. छातीला तारा लावून कागदावर रेघा काढल्या आणि म्हणाले, “सर, वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीयेत, नुसते थरथरताहेत. झडपही आकसलेली आहे, बहुतेक लहानपणापासूनची.” हृदयात रक्त साचून गुठळी झाली तर ती मेंदूत जाऊ शकते, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यायची. झडपेचं दुखणं असल्यानं नव्या गोळ्या चालणार नाहीत, जुनीच घ्यावी लागेल. तिला रक्ताची तपासणी वरचेवर लागते. शेवटी, मी उठता उठता, ते म्हणाले, “आणि हो, पालेभाजी रोज सारखीच खा. एक दिवस खूप आणि एक दिवस नाही, असं नको.” मी मान डोलावली. असल्या शेवटच्या सूचना लक्षात ठेवायचं काम आमच्याकडे बायकोचं होतं.

मुलीला कळवलं. तिनं व्हिडिओ कॉलवर माझा चेहरा खालून वरून बघितला आणि दुसऱ्या दिवसापासून फोनवर रंगीबेरंगी चित्रांचा मारा सुरू झाला. बीट, डाळिंब, जांभळं, पालक. प्रत्येकावर एक लाल बदाम आणि खाली ‘अँटिऑक्सिडंट’. निवृत्त शिक्षकांचा आमचा एक ग्रुप आहे, त्यांनाही माझ्या हृदयाचा पत्ता कुठून लागला कोण जाणे. कुणी अर्जुनाच्या सालीचा काढा सुचवला, कुणी आवळा, कुणी ग्रीन टी. आयुष्यभर रसायनशास्त्र मी शिकवलं आणि आता इतिहासाचे मास्तर मला अँटिऑक्सिडंट समजावून सांगत होते. मी ग्रुप बंद करून ठेवला आणि मग तासातासानं उघडून बघत राहिलो.

वर्गात मी सफरचंद कापून दाखवायचो. एका फोडीवर लिंबू पिळायचं, दुसरी तशीच ठेवायची. तशी ठेवलेली काळी पडते, कारण हवेतला प्राणवायू तिला लागतो. लिंबातलं द्रव्य आधी पुढे होतं, स्वतः खपतं आणि फोड वाचते. डाळिंबाचा लाल, जांभळाचा जांभळा, अंबाडीच्या देठाचा तांबूस, ही सगळी असलीच पुढे होऊन खपणारी मंडळी. प्रयोगशाळेत, पेशींवर आणि उंदरांच्या हृदयांवर त्यांनी चुकार ठोके कमी केल्याचं मी वाचलं आहे. पण माणसाच्या पोटातून जाऊन, रक्तातून फिरून ते छातीत तेच काम करतात का, हे अजून कुणी छातीठोकपणे सांगत नाही. मी हे मुलीला सविस्तर सांगितलं.

“अप्पा, तुम्ही ना!” ती म्हणाली. “खाऊन बघायला काय जातं?”

मी ऐकणार नाही हे ओळखून तिनं परस्पर शेजारच्या बाईंना फोन लावला.

आमचं घर पूर्व भागात. सोलापूरचा हा भाग तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचा, आणि गल्लीत दिवसभर टॉवेलांच्या मागांचा खडखडाट. शेजारच्या बाई त्यांच्यापैकीच. विधवा, माझ्याहून बऱ्याच लहान. मुलगा मागावर काम करायचा, त्या घरी बसून टॉवेलांच्या कडा शिवायच्या. बायकोचं माहेर अक्कलकोटकडचं, ती कानडी बोलायची, ह्या तेलुगू, आणि मधे दोघींना सोयीचं असं मराठी. दुपारी माग जेवणासाठी थांबले की आमच्या स्वयंपाकघरात दोघींचं सुरू व्हायचं. बायको त्यांना “ऊटा आतेनु?” म्हणून विचारायची, म्हणजे जेवण झालं का, आणि त्या नेहमी तेलुगूत उत्तर द्यायच्या. मी बाहेर पेपर तोंडासमोर धरून वैतागायचो. एकाच अंबाडीला बाजारात अंबाडी, आमच्या घरी पुंडीपल्या आणि त्यांच्या घरी पुंटीकूर म्हणायचं, आणि कुणाची भाजी खरी यावर तासभर वाद घालायचा, याला काय म्हणावं?

तर फोन झाल्यावर एका दुपारी माग थांबले आणि दारावर थाप पडली. बाई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या, हातात स्टीलची झाकण घातलेली वाटी.

“सर, ताईचा फोन आला हुता. हार्टला पालेभाजी लई चांगली म्हने. आज पुंटीकूर हाय.”

“अहो, कशाला त्रास...”

“तरास कसला? घरात करतोच की आमी.”

मी वाटी घेतली. त्या आत आल्या नाहीत. बायको होती तेव्हा सरळ चुलीपर्यंत येणारं माणूस आता उंबरा ओलांडत नव्हतं, आणि ते आमच्या दोघांच्याही रीतीला धरूनच होतं. वाटी परत देताना रिकामी द्यायची नाही, हेही रीतीतच. दुसऱ्या दिवशी मी तिच्यात थोडी साखर घातली. पुढे डाळिंबाचे दाणे घालायला लागलो. सांगोल्याकडची डाळिंबं इथे भरपूर येतात, आणि डाळिंब एकट्या माणसाला संपतच नाही. खरं तर ते एकट्यासाठी सोलायचं जिवावर येतं. वाटीच्या निमित्तानं सोललं जायचं, चार दाणे माझ्याही तोंडात पडायचे.

रोज दुपारी थाप. कधी अंबाडी, कधी करडई, राजगिरा, मेथी, पालक, कधी नुसती डाळ. दारात दोन वाक्यं व्हायची. आज पाणी आलं नाही. मागाचा पट्टा तुटला. नवी पेठेत केवढी गर्दी. खाल्लं का सगळं? एवढंच, पण दिवसभरात माझ्याशी समोरासमोर कुणी बोललं तर तेवढंच. सकाळपासून घसा वापरलेला नसायचा, म्हणून थाप पडण्याआधी मी एकदा खाकरून आवाज मोकळा करून ठेवायचो. हे सांगायला लाज वाटते, पण तसंच होतं.

आणि तिकडे रक्त घट्ट व्हायला लागलं. तपासणीत आकडा खाली आला, डॉक्टरांनी गोळी वाढवली. पुढच्या वेळी आकडा वर उडाला, तेव्हा कमी केली. मग परत खाली. डॉक्टर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “सर, खाण्यात काही बदल?”

“नाही,” मी म्हणालो.

मला कळत नव्हतं असं नाही. हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व असतं, ते रक्त गोठायला मदत करतं, आणि माझ्या गोळीचं कामच ते हाणून पाडायचं. पालकाच्या दिवशी एक हिशोब, साध्या डाळीच्या दिवशी दुसरा. ज्या पानातला रंग कदाचित माझ्या हृदयाची लय सांभाळणार होता, त्याच पानातला हिरवेपणा माझी गोळी निकामी करत होता. हे मी वर्गात फळ्यावर बाण काढून शिकवू शकलो असतो. पण डॉक्टरांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, शेजारची भाजी बंद करा. भाजी बंद झाली की थाप बंद. ते मला नको होतं.

डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला. “सर, मी घाबरवत नाही. पण गुठळी मेंदूत गेली तर एक बाजू लुळी पडते, वाचा जाते. घरी तुमच्याबरोबर कोण असतं?”

ह्या प्रश्नाचं उत्तर मी मनात जुळवून पाहिलं. सकाळी काही झालं तर कळणार कुणाला? मुलीचा फोन संध्याकाळी यायचा. त्याआधी दुपारी दार वाजणार, आणि मी उघडणार नाही. म्हणजे मी पडलोय हे कळणार ते वाटीमुळे, आणि पडणारही वाटीमुळेच. मला त्या खोलीत एकदम हसू आलं, आणि हसता हसता मी सगळं सांगून टाकलं. कुठल्या दिवशी काय भाजी, किती, कोण आणतं, सगळं.

डॉक्टर रागावले नाहीत. “एवढंच ना? मग भाजी बंद कशाला करता? मी काय म्हणालो होतो? रोज सारखी. एक वाटी तर एक वाटी, पण रोज. मी गोळी त्या वाटीवर बसवतो.”

मी होटगी रोडवरच्या दवाखान्यातून घरापर्यंत चालत आलो. रिक्षावाले थांबून विचारत होते आणि मी हातानंच नको म्हणत होतो. मला औषध म्हणून थाप लिहून मिळाली होती.

दुपारी बाईंना सांगितलं. के जीवनसत्त्व वगैरे बाजूला ठेवलं, फक्त एवढंच म्हणालो की रोज तीच वाटी, तेवढीच भाजी लागेल, आणि मध्ये खंड चालणार नाही. सांगताना वाटलं, आपण फार मागतोय. त्यांनी पदर खोचला.

“एवढंच व्हय? मग ही वाटी तुमच्यासाठीच ठेवते. कमी न्हाय, जास्त न्हाय. डाक्टरला सांगा, चुकायचं न्हाय.”

आणि चुकलं नाही. त्यांच्याकडे पाहुणे आले तरी वाटी आली. उपवासाच्या दिवशी आली. एकदा तापानं फणफणल्या होत्या, तर मुलगा घेऊन आला आणि “आईनं सांगितलंय, खाल्लेलं बघूनच ये,” म्हणत दारात उभा राहिला. मी त्याच्यासमोर उभ्याउभ्या करडईची भाजी संपवली. रक्ताचा आकडा हवा तिथे येऊन बसला. डॉक्टर खूश. मुलगी तर फारच खूश, तिच्या मते सगळा प्रताप अँटिऑक्सिडंटचा. मी वाद घातला नाही. बेलाचं पान अजून वेडंवाकडंच हलायचं, ते काही सुधारलं नव्हतं. पण मला त्याची भीती वाटेनाशी झाली होती.

मग गल्लीतले माग एकेक करून थांबायला लागले. दुपारी जेवणासाठी थांबायचे, ते जेवणानंतर सुरूच व्हायचे नाहीत. एका दुपारी बाई वाटी घेऊन आल्या आणि झाकण काढायच्या आधीच म्हणाल्या, “सर, लेकाला हैद्राबादला काम लागलं. माझ्या भावानं लावलं. मालाच्या गोदामात.”

“बरं झालं,” मी म्हणालो. “तुम्ही?”

“मी हितं काय करू एकटी?”

मी वाटी हातात घेतली. त्या निघण्याच्या दिवशीही सकाळी भाजी करून घेऊन आल्या. अंबाडी होती. बाहेर टेम्पोत सामान चढत होतं. म्हणाल्या, “तुमी खाऊन घ्या, वाटी जाताना घेते.” मी खाल्ली, वाटी घासली, आणि बघतो तर घरात डाळिंब नाही. साखरेचा डबा होता, पण आज साखर घालायचं मन होईना. इतके दिवस रोज आणून दिलेल्या माणसाला निघताना चार दाणे साखर? मी पिशवी घेतली आणि मंडईत गेलो. चांगलं डाळिंब निवडायला वेळ लागला. पहिलं दाबून बघितलं तर पोचट, दुसऱ्याला डाग. परत येताना चौकात रिक्षा अडकली.

गल्लीत आलो तर टेम्पो गेलेला, दाराला कुलूप. समोरच्या दुकानदारानं सांगितलं, “बाई लई येळ थांबल्या तुमच्यासाठी. डायवर ओरडायला लागला, मग गेल्या.”

मी घरात येऊन डाळिंब सोललं. सगळं सोललं, वाटी शिगोशीग भरली, आणि ती पुढ्यात ठेवून रडलो. बायको गेली तेव्हा लोकांनी घर भरलं होतं, धड रडायला मिळालं नव्हतं. तेव्हाचंही त्यात आलं असेल.

त्यांचा एकदा फोन आला. मागे गाड्यांचा गोंगाट होता. “सर, भाजी खाता न्हवं?” मी हो म्हणालो. ते खोटं होतं. वाटी माझ्याकडेच राहिली हे सांगितलं, तर म्हणाल्या, “राहू दे की तुमच्यापाशी. येईन की न्यायला.” आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, वाटी न्यायला हैद्राबादहून कुणी येत नाही.

त्यानंतर मी भात आणि आमटी खात राहिलो. गोळी मात्र चुकवली नाही. काही दिवसांनी दात घासताना हिरड्यातून रक्त यायला लागलं. कुठेही न आपटता हातावर निळाजांभळा डाग उमटला. तपासणी केली तर रक्त धोक्याच्या पलीकडे पातळ झालेलं. डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवला आणि जुनाच प्रश्न विचारला, “सर, काय बदललं?”

मुलीला मी सांगितलं नव्हतं. ग्रुपवर कुणाला सांगितलं नव्हतं. गल्लीतलं एक घर बंद झालं, त्याची बातमी होत नाही. पण माझ्या गोळीचं माप त्या वाटीवर बसवलेलं होतं, आणि वाटी आली नाही हे माझ्या रक्तानं कागदावर लिहून दिलं होतं. बाई गेल्या हे माझ्याखेरीज आणखी कुणाच्या तरी नजरेस आलं याचंच मला त्या क्षणी बरं वाटलं.

“शेजारी गेले,” मी म्हणालो.

डॉक्टरांना लगेच कळलं. म्हणाले, “मग दोन दिवस गोळी थांबवा, रक्त जागेवर येऊ दे. पुढे पालेभाजी नसेल, तर मी डोस कमी करतो. सोपं आहे.”

सोपं होतंच. डोस कमी केला की मी पालेभाजीशिवायचा माणूस झालो असतो, तब्येत पुन्हा ठीक, आणि त्या मापातून बाई कायमच्या वजा.

“डोस तोच राहू द्या,” मी म्हणालो. “भाजी मी करीन.”

“रोज? नक्की?”

“रोज. एक वाटी.”

आता मी मंडईतून जुडी आणतो. निवडायला फार वेळ लागतो, देठ कुठवर ठेवायचे हे अजून कळत नाही, आणि अंबाडी कधी इतकी आंबट होते की डोळे मिटावे लागतात. त्यांच्याच वाटीनं मोजतो, कमी नाही, जास्त नाही. दुपारी, पूर्वी माग थांबायचे त्या सुमाराला खायला बसतो. आकडा पुन्हा जागेवर आला आहे. डॉक्टर म्हणतात, उत्तम.

जेवण झालं की वाटी घासून पुसून दाराजवळच्या फळीवर ठेवतो. न्यायला येईन म्हणाल्यात, तेव्हा रिकामी ठेववत नाही. डाळिंबाचे थोडे दाणे घालतो आणि झाकण लावतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली, बेलाचं पान त्याच्या मनाला येईल तसं हलून झालं, की झाकण काढतो. ते दाणे मीच खातो, कारण भाजी मोजायला वाटी लागते.